गाव वाढलं, मग तिजोरी का वाढत नाही?

नगरपरिषदेचा पैसा कुठून येतो, कुठे जातो आणि गाव वाढू लागले की तो का पुरत नाही, याविषयी वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी आठ प्रश्न या अंकात घेतले आहेत. उत्तरांतील कायदे व नियम महाराष्ट्रातले आहेत. उदाहरणांतले रकमांचे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत. तुमच्या गावाचे आकडे घालून तोच हिशेब मांडून पाहा.

प्रश्न : मी ‘ब’ वर्ग नगरपरिषदेत पहिल्यांदाच निवडून आलो आहे. अर्थसंकल्पात नऊ कोटींची अखेरची शिल्लक दाखवली आहे. पण ठेकेदारांची बिलं आठ-आठ महिने थकली आहेत, आणि मुख्याधिकारी म्हणतात पैसा नाही. खोटं कोण बोलतंय?

उत्तर : बहुधा कोणीच नाही. शिल्लक खरी असते, पण ती खर्चायला मोकळी नसते. लेखापालांकडे बसून त्या नऊ कोटींची फोड मागा. साधारण अशी निघेल : वित्त आयोगाचा बंधित (म्हणजे ठरावीक कामांनाच वापरता येणारा) निधी ३.२ कोटी, रस्त्यांसाठी आलेले विशेष अनुदान २.६ कोटी, पाणीयोजनेच्या लोकवर्गणीसाठी बाजूला ठेवलेले १.२ कोटी, ठेकेदारांच्या अनामत व सुरक्षा ठेवी १.१ कोटी, शासनासाठी वसूल केलेला पण अजून भरणा न केलेला शिक्षण कर व रोजगार हमी उपकर ४० लाख. बेरीज झाली साडेआठ कोटी. म्हणजे सभागृहाच्या हातात खरे पन्नास लाख. आता दुसऱ्या कागदावर देणी लिहा : थकीत वीजबिल, मंजूर पण न दिलेली देयके, निवृत्तांचे उपदान (ग्रॅच्युइटी), रजा रोखीकरण, वेतन आयोगाच्या फरकाचे राहिलेले हप्ते. ही बेरीज दोन कोटींवर गेली, तर तुमचा शिलकी अर्थसंकल्प दीड कोटीच्या तुटीचा आहे.

दुसरी तपासणी जमेच्या बाजूची. अर्थसंकल्पात मागील वर्षाची प्रत्यक्ष जमा, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज असे रकाने असतात. घरपट्टीच्या ओळीवर बोट ठेवा. मागील वर्षी प्रत्यक्ष २.३ कोटी आले आणि पुढच्या वर्षी ४ कोटी धरले असतील, तर वरचे १.७ कोटी कुठून येणार ते विचारा. ‘थकबाकी वसूल करू’ असे उत्तर आले, तर थकबाकीची वर्षवार यादी मागा. पाच-सात वर्षांपूर्वीची बाकी, पडलेली घरे, दुबार नोंदी, न्यायालयात अडकलेल्या मालमत्ता या सगळ्यांची मागणी वर्षानुवर्षे कागदावर पुढे ओढली जाते. ती वसुलीत धरली की खर्चालाही तेवढीच मंजुरी मिळते. कामे निघतात, कार्यादेश जातात आणि मार्चमध्ये बिले अडकतात. तुमच्या ठेकेदारांच्या आठ महिन्यांचे मूळ बहुतेक इथेच सापडेल.

नव्या सदस्याने आणखी एक सवय लावून घ्यावी. कुठलेही नवे बांधकाम मंजुरीला आले की त्याचा वर्षाचा चालवण्याचा खर्च टिपणीत लिहिलेला आहे का, ते पाहावे. उद्यान म्हटले की माळी, पाणी, पहारेकरी आणि वीज आली. अनुदान उद्यान बांधायला मिळते, माळ्याचा पगार नगरपरिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातूनच द्यावा लागतो. हा आकडा नसेल तर विषय पुढच्या सभेवर ठेवण्याची सूचना लेखी द्या आणि ती इतिवृत्तात नोंदवून घ्या.

प्रश्न : चतुर्थ वार्षिक आकारणीत आमची घरपट्टी १,८५० रुपयांवरून ४,३०० वर गेली. घरात एक वीटही वाढवलेली नाही. हरकत घेऊन काही उपयोग होतो का?

उत्तर : होतो, पण ‘वाढ फार आहे, कमी करावी’ असा अर्ज दिलात तर होणार नाही. हरकत मोजमापाची हवी.

नगरपरिषदा अधिनियम, १९६५ नुसार दर चार वर्षांनी आकारणी नव्याने होते. बहुतेक नगरपरिषदांत ती वार्षिक भाडेमूल्यावर असते. दरमहा दर गुणिले क्षेत्रफळ गुणिले १२, त्यातून दुरुस्तीसाठी १० टक्के वजा. उरते ते करयोग्य मूल्य, आणि त्यावर निरनिराळ्या करांचे टक्के लागतात. समजा तुमचे क्षेत्रफळ ६२ चौरस मीटर आणि दर १४ रुपये. महिन्याचे ८६८, वर्षाचे १०,४१६, दहा टक्के वजा जाता ९,३७४ रुपये. सगळ्या करांची बेरीज ३० टक्के असेल तर कर सुमारे २,८१२ रुपये.

आता नगरपरिषदेतून स्वतःच्या मालमत्तेचा आकारणी उतारा घ्या आणि पाच रकाने ताडून पाहा : क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, बांधकामाचे वर्ष, वापर आणि विभाग. मोजणी बाहेरच्या एजन्सीकडून झाली असेल तर चुका ठरावीक जागी सापडतात. उघडा जिना आणि ओटा खोलीत मोजलेला असतो. भार पेलणाऱ्या भिंतींचे जुने घर आरसीसी म्हणून लिहिलेले असते. पुढच्या खोलीत शिलाई यंत्र किंवा शिकवणीचा फळा दिसला म्हणून ती खोली व्यावसायिक होते. ओट्या-जिन्याचे ९ चौरस मीटर जास्त लागले, तर वरच्या दराने वर्षाला सुमारे ४०८ रुपयांचा फरक पडतो. बारा चौरस मीटरची खोली १४ ऐवजी ४० रुपये दराने व्यावसायिक लागली, तर फरक हजारावर जातो. तुमची घरपट्टी इतकी चढण्यात अशा दोन चुकांचाही मोठा वाटा असू शकतो.

हरकत नोटिशीत दिलेल्या मुदतीत, म्हणजे सामान्यतः ३० दिवसांत द्या आणि पोच घ्या. अर्जात एवढेच लिहा : नोंदलेले क्षेत्र इतके, प्रत्यक्ष क्षेत्र इतके, फेरमोजणी करावी. सोबत मंजूर नकाशा किंवा जुना उतारा, वीजबिलाची प्रत आणि जिन्याचा व पुढच्या खोलीचा फोटो जोडा. सुनावणीला स्वतः जा. गैरहजर राहिलात तर नोंद आहे तशी कायम होते. दर सभागृहाने ठरावाने ठरवलेले असतात, ते तुमच्या एकट्याच्या सुनावणीत बदलत नाहीत. त्यासाठी प्रभागातल्या सदस्याला गाठा. आणि निकालाची वाट बघत सगळाच कर थांबवू नका. थकीत रकमेवर महिन्याला २ टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला २४. निदान जेवढा मान्य आहे तेवढा भरा.

प्रश्न : १५व्या वित्त आयोगाच्या पैशातून सफाई कामगारांचे थकलेले पगार देता येतील का? (एका नगरपंचायतीच्या उपाध्यक्षा)

उत्तर : नाही. दहा लाख लोकसंख्येच्या आतील शहरांसाठीच्या या निधीत ४० टक्के मुक्त आणि ६० टक्के बंधित अशी विभागणी आहे. बंधितांतले निम्मे पाण्यासाठी व निम्मे स्वच्छतेसाठी असतात. मुक्त भागही वेतन व आस्थापना खर्चाला वापरता येत नाही. २०२१ ते २०२६ या काळातल्या निधीला अटीही होत्या : लेखे ऑनलाइन प्रसिद्ध करणे, आणि मालमत्ता कराची वसुली राज्याच्या सकल उत्पादनवाढीच्या वेगाने वाढवणे. पगार स्वतःच्या उत्पन्नातून आणि शासनाच्या सहायक अनुदानातूनच द्यावे लागतील.

प्रश्न : सहा वर्षांपूर्वी शहराबाहेरच्या ले-आउटमध्ये घर बांधलं. घरपट्टी नियमित भरतो. रस्ता मुरमाचा, गटार नाही, पावसाळ्यात स्कूल बस आत येत नाही. नगरपरिषद म्हणते ले-आउट हस्तांतरित झालेला नाही. मग कर कशाचा घेतात?

उत्तर : तुमचा राग रास्त आहे. पण कर आणि हस्तांतरण हे दोन वेगळे विषय आहेत. कर इमारतीवर लागतो. अंतर्गत रस्ते, गटारे, पाण्याची वाहिनी आणि दिवे करून देणे ही मंजुरीच्या अटींनुसार विकासकाची जबाबदारी असते. ती पुरी झाल्यावर रस्ते व खुली जागा नगरपरिषदेच्या ताब्यात जायला हवी. व्यवहारात काय होते? तात्पुरत्या मंजुरीवर भूखंड विकले जातात, अंतिम मंजुरी मिळवताना मुरूम टाकून रोलर फिरवला जातो, शेवटचा भूखंड विकला गेला की विकासक नाहीसा होतो. सातबाऱ्यावर रस्ता मात्र त्याच्याच नावाने राहतो. खासगी नावावरच्या जागेवर नगरपरिषदेने पैसा खर्च केला तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो. म्हणून अभियंता हात आखडतो.

माहिती अधिकारात, दहा रुपये शुल्क भरून, चार कागद मागा : मंजूर रेखांकन, मंजुरीच्या अटींचे पत्र, अकृषिक आदेश, आणि रस्ता व खुल्या जागेच्या ताब्याची पावती. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. दरम्यान तलाठ्याकडून रस्त्याच्या आणि खुल्या जागेच्या गटाचा सातबारा काढा. अटींत विकासकाची बँक हमी किंवा तारण ठेवलेले भूखंड असतील, तर ते अजून नगरपरिषदेकडे आहेत की सोडले गेले, हा पहिला प्रश्न. शिल्लक असतील तर त्यातून काम करून घेण्याची मागणी तुम्हाला करता येते. नसतील, तर भूखंडधारकांनी संस्था नोंदवून रस्त्याची जागा नगरपरिषदेच्या नावे करून देण्याची तयारी दाखवणे हाच जवळचा रस्ता. ले-आउट मंजूरच नसेल आणि गुंठ्यांनी विकलेला असेल, तर गुंठेवारी अधिनियम, २००१ खाली अर्ज करावा लागेल. २०२१च्या दुरुस्तीने त्याची मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवली आहे. तिथे भरलेला पैसा तुमच्याच वसाहतीच्या कामाला लागावा, असा आग्रह पहिल्या दिवसापासून धरा.

नगरपरिषदेची अडचणही समजून घेण्यासारखी आहे. जुन्या गावठाणात घराचे तोंड पाच मीटर आणि घरे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. एका घरामागे अडीच मीटर रस्ता, अडीच मीटर पाइप, अडीच मीटर गटार. तुमच्या ले-आउटमध्ये चाळीस भूखंड, प्रत्येकाचे तोंड नऊ मीटर, म्हणजे १८० मीटर रस्ता. त्यावर घरे झालीत बारा. एका घरामागे १५ मीटर, गावठाणाच्या सहापट. आणि घरपट्टी? ती गावठाणाच्या सहापट नक्कीच नाही. उरलेले अठ्ठावीस भूखंड गुंतवणूक म्हणून पडून आहेत. मोकळ्या भूखंडांवरही कर आकारता येतो, पण त्यांची नोंदच कित्येक ठिकाणी झालेली नसते. ती करून घेणे तुमच्या हिताचे आहे. सलग न वाढता तुकड्यातुकड्यांनी वाढणारे गाव स्वतःचा खर्च भागवू शकत नाही, ते या बारा घरांवरून लक्षात येईल.

प्रश्न : नऊ हजार नळजोडण्या, ठोक पाणीपट्टी वर्षाला १,८०० रुपये. वाढवावी तर लोक मोर्चा आणतात, न वाढवावी तर वीजबिल भरता येत नाही. धरणावरून रोज एक कोटी लिटर पाणी उचलतो. पाणीपुरवठा सभापती म्हणून मी सुरुवात कुठून करावी?

उत्तर : दरापासून करू नका, पंपापासून करा. आधी हिशेब.

एक हजार लिटर पाणी एक मीटर उचलायला, काहीही वाया न जाता, ०.००२७२५ युनिट वीज लागते. चढ आणि पाइपातले घर्षण मिळून ९० मीटर धरले तर ०.२४५ युनिट. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ६५ टक्के असेल तर ०.३७७ युनिट. रोजचे एक कोटी लिटर म्हणजे सुमारे ३,७७० युनिट, महिन्याला १ लाख १३ हजार. युनिटला आठ रुपये धरा. महिन्याला नऊ लाख, वर्षाला एक कोटी आठ-नऊ लाख. तुमची पाणीपट्टीची मागणी १ कोटी ६२ लाख. वसुली ६० टक्के असेल तर हातात ९७ लाख. वीजच त्याहून जास्त झाली. तुरटी, क्लोरीन, व्हॉल्व्हमन, दुरुस्ती अजून यायचीच आहे.

आता गळती. एक कोटीतले चाळीस टक्के वाटेत जात असेल तर लोकांपर्यंत साठ लाख लिटर पोचते. जोडणीमागे रोज ६६७ लिटर, पाच माणसांच्या घराला माणशी १३३. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी मानक १३५ लिटरचे आहे. म्हणजे पाणी कमी नाही. गळती पंचवीस टक्क्यांवर आणली, तर तेवढेच पाणी पोचवायला ऐंशी लाख लिटर उचलून भागेल. विजेचे वर्षाला बावीस लाख रुपये वाचतील. मोर्चा न येता मिळणारा हा पैसा आहे, म्हणून तो आधी.

गळती शोधायला पहिल्याच दिवशी सल्लागार लागत नाही. एक उंच टाकी निवडा. नेहमीचा पुरवठा होऊन घरोघरच्या टाक्या भरल्या की रात्री एकच्या पुढे त्या टाकीची आवक बंद करा, एकाच भागाचा व्हॉल्व्ह उघडा आणि दर अर्ध्या तासाला पातळी मोजपट्टीवर लिहून घ्या. टाकीचा आतला व्यास १२ मीटर असेल तर क्षेत्रफळ ११३ चौरस मीटर, म्हणजे पातळी १० सेंटिमीटर उतरली की ११,३०० लिटर गेले. लोक झोपलेले असताना दोन तासांत तीस सेंटिमीटर उतरत असेल, तर त्या भागात खोदायलाच हवे. सगळ्या भागांची अशी यादी करा आणि सर्वांत वाईट भागापासून काम लावा. पाणी बहुतेक तीन जागी जाते : मुख्य वाहिनीला घरजोडणी जिथे जोडली तो फेरूलचा सांधा, व्हॉल्व्हचे ग्लँड पॅकिंग, आणि तोटी नसलेले सार्वजनिक नळ. गटारातून गेलेल्या घरजोडण्यांवर खास लक्ष ठेवा. पुरवठा बंद झाला की तिथून घाण पाणी आत ओढले जाते. हा प्रश्न मग पैशापुरता राहत नाही, गावात कावीळ पसरते.

पंपघरात तीन गोष्टी पाहा. पंप किती लिटर देतो आणि किती युनिट खातो हे प्रत्यक्ष मोजा. इंपेलर (पंपातले पाणी ढकलणारे फिरते चक्र) झिजला असेल तर मोटर तेवढीच वीज घेते आणि पाणी कमी देते. उच्चदाब जोडणीचे बिल केव्हीएएचवर, म्हणजे कामाला न लागणारी वीजही धरणाऱ्या एककावर निघते, म्हणून कपॅसिटर बंद पडून पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती कामाला लागते ते प्रमाण) घसरला की पाणी तेवढेच उचलूनही बिल चढते. आणि वीज कंपनीकडे मंजूर करून घेतलेली विजेची मागणी प्रत्यक्ष वापरापेक्षा फार जास्त नाही ना, हे बिलाच्या पहिल्याच पानावर दिसते.

हे सहा महिने चालू द्या. त्याच काळात अनधिकृत जोडण्या नियमित करण्याची एकच मुदत जाहीर करा आणि ती संपल्यावर खरोखर तोडा. मुदत दोनदा वाढवली की तिसऱ्यांदा कोणी येत नाही. बिले वर्षातून एकदाऐवजी दोनदा द्या. नऊशे रुपये भरणे अठराशेपेक्षा घराला सोपे जाते. मग दर. तुमच्या १,८०० रुपयांत हजार लिटरला सुमारे सात रुपये चाळीस पैसे पडतात. त्यातले पाच रुपये पोचलेल्या पाण्यामागे विजेलाच जातात. सभेपुढे हा हिशेब एका पानावर ठेवा, गळती किती कमी केली तेही लिहा. दहा वर्षे काहीच न करता एकदम दुप्पट करण्यापेक्षा दरवर्षी थोडी ठरलेली वाढ लोक स्वीकारतात. मीटर बसवणार असाल तर आधी हॉटेल, लॉज, धुलाई केंद्र, मंगल कार्यालय यांना बसवा. घरगुतीत पहिला टप्पा स्वस्तच राहिला पाहिजे.

प्रश्न : बसस्थानकाशेजारी नगरपरिषद साठ गाळ्यांचं नवं व्यापारी संकुल बांधते आहे. जुन्या संकुलाचा वरचा मजला बंद पडलेला. गावाचा आर्थिक विकास असा होतो का? (एक किरकोळ व्यापारी)

उत्तर : आमच्या मते बहुतेक वेळा होत नाही. एका गाळ्याला नऊ लाख खर्च आणि महिना तीन हजार भाडे धरा. वर्षाला ३६,००० आले, म्हणजे खर्चाच्या चार टक्के. पैसा कर्जाने घेतला तर नऊ टक्क्यांनी व्याजच ८१,००० होते. वरचा मजला रिकामा, खालच्यांचे भाडे वीस वर्षांपूर्वीचे, मूळ गाळेधारक पोटभाडेकरूकडून चौपट घेतो आणि नगरपरिषदेला तेच जुने देतो, असे चित्र गावोगाव आहे. बांधण्याआधी जुन्या गाळ्यांच्या करारांची यादी सभेपुढे आली पाहिजे : मुदत कधी संपली, शेवटची भाडेवाढ कधी, आत कोण बसतो. ती यादी नीट लावली तरी एकही वीट न रचता उत्पन्न वाढते.

दुकानदारी वाढली म्हणजे नगरपरिषदेला पैसा मिळतो, हा समज जकातीच्या काळातला आहे. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये बंद झाली. आज तुमच्या दुकानातल्या विक्रीवरचा जीएसटी केंद्र आणि राज्याकडे जातो. बदल्यात येणारे अनुदान गावातल्या उलाढालीप्रमाणे हलत नाही. गावाची वाढ नगरपरिषदेच्या हाती लागते ती मुख्यतः घरपट्टीतून, बांधकाम परवानगीच्या विकास शुल्कातून आणि थोडीबहुत बाजार फीमधून. तेव्हा खासगी माणसाने दुकान, गोदाम, कारखानदारी उभारावी यासाठी लागणारी सोय करणे नगरपरिषदेला जास्त फायद्याचे. वेळेत बांधकाम परवानगी, मालाचा ट्रक वळेल एवढा रस्ता, स्वच्छतागृह, पावसाळी गटार, रात्री दिवा. गाळे बांधायला खासगी माणूस तयार असतो. रस्ता आणि गटार तो करणार नाही.

आठवडे बाजार आणि फेरीवाले यांच्याकडे मात्र जवळून पाहायला हवे, कारण गावाची बरीचशी खरी विक्री तिथेच होते. २०१४च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समिती हवी. तिच्यात ४० टक्के सदस्य विक्रेते आणि त्यांतल्या एकतृतीयांश महिला हव्यात. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत कोणाला हलवता येत नाही. बाजार फीचा ठेका लिलावाने दिला असेल तर मंजूर दरांचा फलक बाजाराच्या प्रत्येक तोंडाशी लावून घ्या. ठेकेदार पाटीमागे दहाची पावती देऊन तीस घेतो ही तक्रार सर्वत्र आहे. त्याने बाजार ओसरतो आणि पुढच्या लिलावाची बोलीही उतरते.

प्रश्न : पुण्याने कर्जरोखे काढून पैसा उभारला. आमची नगरपरिषद का काढू शकत नाही?

उत्तर : पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे रोखे ७.५९ टक्क्यांनी काढले. त्याआधी १९९८ मध्ये अहमदाबादने राज्याच्या हमीशिवाय १०० कोटी उभारले होते. त्यासाठी पतमानांकन, काही वर्षांचे वेळेवर लेखापरीक्षण झालेले लेखे आणि परतफेडीसाठी वेगळ्या खात्यात वळवलेला मालमत्ता कर लागतो. शिवाय काढण्याचा ठरावीक खर्च असा की पाच-दहा कोटींसाठी तो परवडत नाही. लहान शहरांना एकत्र येऊन जमते. तामिळनाडूने २००२ मध्ये तेरा-चौदा लहान शहरांची मोट बांधून तसे केले. तुमच्याकडे गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण पूर्ण आहे का ते आधी पाहा. नसेल तर बँकही दारात उभे करणार नाही.

प्रश्न : आमचं गाव शहराला खेटून आहे. हद्दवाढीत घेणार म्हणतात. ग्रामपंचायतीने ठराव विरोधाचा करावा की बाजूचा? (सरपंच)

उत्तर : आधी काय जाते आणि काय येते ते मांडा. ग्रामीण रोजगार हमी आणि ग्रामीण घरकुल योजना बंद होतात. घरपट्टी शहराच्या दराकडे जाते, ती टप्प्याटप्प्याने नेण्याची मागणी ठरावात स्पष्ट लिहा. शाळा, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि विंधन विहिरी यांचे काय, तेही लिहा. येते ते शहराचे अनुदान, अग्निशमन, कचरा उचल, विकास आराखडा. आराखड्यात तुमच्या शेतांवर रस्ते व आरक्षणे पडतील. दहा वर्षांत जागा घेतली नाही तर नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली मालकाला खरेदीची सूचना देता येते, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण सुटते. हे ग्रामसभेत सांगा.

हद्दवाढीची कुणकुण लागली की काही ग्रामपंचायती घाईघाईने बांधकामांच्या नोंदी घालतात, नोकरीत माणसे भरतात, लांब मुदतीचे करार करतात. असे होऊ देऊ नका. नंतर त्या नोंदी तपासात अडकतात आणि प्रामाणिकपणे घर बांधलेल्यांचीही कामे वर्षानुवर्षे रखडतात. मालमत्ता, कर्मचारी, देणी आणि नळजोडण्या यांची आजच्या तारखेची यादी करून ग्रामसभेत वाचून दाखवा आणि तिची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या.

पाण्याचे आश्वासन शब्दावर घेऊ नका. शहराच्या सर्वांत जवळच्या टाकीच्या तळाची उंची आणि तुमच्या गावातल्या सर्वांत उंच घराच्या जोत्याची उंची नगरपरिषदेच्या अभियंत्याकडून मोजून घ्या. एकमजली घराच्या नळाशी सात मीटर आणि दुमजली घराशी बारा मीटर दाब उरायला हवा, शिवाय वाटेतल्या पाइपाचे घर्षण. दोन उंचींतला फरक त्याहून कमी भरला तर शहराचे पाणी तुमच्या वरच्या आळीला चढणार नाही, नवी टाकी बांधावी लागेल. ती टाकी कोणाच्या पैशातून, किती लिटरची आणि कोणत्या गटात, हे ठरावाला जोडलेल्या कागदावर असू द्या.